हिरडीतले जंतू आणि त्यांचा काळा रंग



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या मजुरीवरच बोलणार, अशी त्यांची खात्री होती. गेली तीस वर्षे आम्ही दुसरे काही बोललेलोच नाही, त्यामुळे त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही म्हणालो, “यंदा हिरडीतल्या जंतूंवर बोलतो.” चिटणीस थोडा वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. तोंडात जंतू दिसतात की काय, असे त्यांना वाटले असावे. मग म्हणाले, “भाऊ, तो विषय डॉक्टर लोकांचा.” असेल. पण न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या मांडवात वकिलाने इतिहास सांगावा आणि मास्तराने ग्रहतारे सांगावेत, असा प्रघातच आहे. मग विडीवाल्याने जंतू का सांगू नयेत?

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. आईच्या सुपाशेजारी बसून आम्ही विड्या वळावयास शिकलो, आणि वाचावयास शिकलो ते पुढे वाचनालयात, विश्वकोशाचे खंड एकामागून एक चाळून. तेव्हा आमच्या सांगण्यात काही कच्चे आढळले तर सभेत बसलेल्या डॉक्टरमंडळींनी उठून दुरुस्त करावे. युनियनच्या सभेत आम्हांला याची सवय आहे.

आमच्या मनात हा विषय शिरला तो एका मावशींमुळे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाई, चाळीस वर्षांचा हात, त्यांच्या विडीत छाट म्हणून सहसा निघावयाची नाही. सभेला आल्या की पदर तोंडाशी धरून बोलत. आम्हांला वाटे, लाजतात. एकदा पदर सुटला तेव्हा समजले की समोरचे दोन दात हलत होते आणि हिरडी जांभळट सुजली होती. विचारले, तर म्हणाल्या, “भाऊ, बरश लावला का रगत येते जी. म्हनून घासनं सोडून देलं. आता गुडाखूच लावते, त्यानं बरं वाटते.”

श्रोतेहो, या तीन वाक्यांत आजच्या व्याख्यानाचा निम्मा विषय येऊन गेला. पण ते तेव्हा आम्हांलाही कळले नव्हते. आमच्या वस्त्यांत दात हलणे हे केस पिकण्यासारखे मानतात. पायरिया झाला म्हणावयाचे, एकेक दात पडू द्यावयाचा आणि शेवटी भाकरी कालवणात बुडवून खावयाची. आम्ही मावशींना आग्रहाने नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात नेले. तिथे एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी हिरडीच्या फटीतले नमुने घेत होती. मावशींची संमती विचारून तिने कागदाच्या बारीक सुईसारख्या वातीने नमुना घेतला. आम्ही सहज विचारले, “याचे पुढे काय होते?” ती म्हणाली, “काका, दहा दिवसांनी या, दाखवते.”

दहा दिवसांनी आम्ही गेलो. बशीएवढी काचेसारखी थाळी, तीत मेंढीचे रक्त घालून थिजवलेला लाल थर, आणि त्या लाल थरावर मोहरीपेक्षा लहान, चकचकीत, काळेभोर ठिपके. शाईचे थेंब शिंपडावेत तसे. ती सांगू लागली, “तिसऱ्या दिवशी हे मळकट पांढरे होते. आठवड्याने तपकिरी झाले, आता काळे. प्रत्येक ठिपका म्हणजे कोट्यवधी जंतूंची एक वसाहत.” आम्ही विचारले, “इतकी शाई यांनी आणली कुठून?” त्या मुलीने जे उत्तर दिले ते आजही कानात आहे. “काका, शाई त्यांची नाही. रक्तातली आहे.”

तेथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

आता या जंतूंची पहिली खोड सांगितली पाहिजे. यांना हवा खपत नाही. हवेतल्या ऑक्सिजनने आपण जगतो, हे त्याने मरतात. म्हणून त्यांची थाळी हवाबंद डब्यात, ऑक्सिजन शोषून घेणारी पुडी आत टाकून, शरीराइतक्या ऊबेत ठेवावी लागते. अशा जंतूंना अवायुजीवी म्हणतात. वायूवाचून जीव असू शकतो, हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवून दिले तेव्हा पुष्कळांना ते पटेना. भंडाऱ्याच्या माणसाला ते पटण्यास अडचण पडू नये. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव उन्हाळ्यात आटले की आपण त्यांचा गाळ उपसतो. वरची बोटभर माती तपकिरी असते, आणि खाली फावडे गेले की काळाकुट्ट चिखल निघतो, नासक्या अंड्यासारखा वास मारतो. त्या खालच्या थरात हवा पोचत नाही. तिथले अवायुजीवी जंतू गंधकाचा वायू सोडतात, तो मातीतल्या लोखंडाशी मिळतो आणि लोहगंधकाचा काळा रंग होतो. तोच गाळ शेतात पसरून चार दिवस वाऱ्यावर राहू द्या, काळेपण उडून जाते. लोखंड आणि हवेचा अभाव, ही दोन नावे लक्षात ठेवा, पुढे तीच पुन्हा भेटणार आहेत.

एक गोष्ट येथेच वेगळी काढतो. जंतूंचे सगळे रंग उसने नसतात. उथळ, साचलेल्या पाण्यात, जिथे उजेड पोचतो पण हवा पोचत नाही, तिथे जांभळे आणि हिरवे जंतू राहतात. ते झाडाच्या हरितद्रव्याचा एक चुलतभाऊ स्वतःच्या पोटात तयार करतात आणि त्याने उजेड पकडून अन्न करतात. लोणारचे पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, ते आपण सर्वांनी पाहिले. तो रंगही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी घरी केलेला होता, मात्र ते जीव निराळ्या कुळातले. सांगावयाचे ते इतकेच की रंग करणारे जंतू आहेत आणि रंग जमवणारेही आहेत. आमचा हिरडीवाला दुसऱ्या जातीचा. पण जगाला हे उमगावयास बराच काळ लागला, आणि ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

तोंडातले जंतू प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडदुकानदाराने, लेवेनहूक याने. शाळा-कॉलेजचे नाव नाही, लॅटिन येत नाही, पण भिंगे घासण्यात हात बसलेला. १६८३ साली त्याने स्वतःच्या आणि इतरांच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवले की यात जिवंत प्राणी वळवळत आहेत. ज्यांनी जन्मात दात घासले नव्हते अशा म्हाताऱ्यांचा थरही त्याने तपासला होता. आम्हां सातवी पास मंडळींना या गृहस्थाविषयी विशेष ममता वाटते, हे कबूल करतो.

पुढे १९२१ साली अमेरिकेत ऑलिव्हर आणि व्हेरी या दोघांनी मनुष्याच्या शरीरातून एक अवायुजीवी जंतू वाढवला. रक्ताच्या थाळीवर त्याची वसाहत काळी झाली. काळा रंग पाहून त्यांच्या मनात आले की हे मेलॅनिन असणार. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांत आणि कातडीत असते ते काळे द्रव्य. म्हणून त्यांनी जंतूचे बारसे केले, ‘बॅक्टेरियम मेलॅनिनोजेनिकम’, म्हणजे मेलॅनिन निर्माण करणारा. नाव भारदस्त होते. पुस्तकांत गेले आणि सव्वीस वर्षे कोणाला फारसे खटकले नाही. १९४७ साली श्वाबाकर, ल्यूकस आणि रिमिंग्टन या तिघांनी इंग्लंडमध्ये त्या काळ्या द्रव्याचे पृथक्करण केले. मेलॅनिन कुठेच नाही! निघाले ते रक्तातले लोहयुक्त द्रव्य. त्यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच लिहून टाकले की हे नाव चुकीचे आहे. तरीही नाव गेले नाही. नावे कागदावर एकदा चढली की काढणे किती कठीण, हे ज्यांनी मजुरांच्या ओळखपत्रांतली नावे दुरुस्त करून घेतली आहेत त्यांना विचारा. १९८८ साली शाह आणि कॉलिन्स यांनी या जंतूंपैकी काहींचे नवे घराणे केले. त्याचे नाव पॉर्फिरोमोनास, म्हणजे जांभळा कण. १९९० साली त्यांनीच दुसरे घराणे केले आणि प्रेव्हो या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला प्रिव्होटेला म्हटले. त्या दुसऱ्या घराण्यात एक जंतू अजूनही मेलॅनिनोजेनिका हेच आडनाव लावून बसला आहे.

हीच चूक याआधी एकदा झाली होती, हे वाचून आम्हांला गंमत वाटली. हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात आणि प्लीहेत काळे कण सापडतात. तेही जुन्या डॉक्टरांनी मेलॅनिनच समजले होते. वास्तविक हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून रक्तद्रव्य खातो आणि न पचणारे लोहयुक्त हीम काळ्या खड्यांच्या रूपाने साठवतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू ओळखला तो त्या काळ्या कणांवरूनच. आपल्या जंगलपट्टीत हिवतापाने माणसे नेली आहेत, त्यामुळे हे उदाहरण आपणांस परके नाही. दोन्हीकडे धनी एकच आहे, आपले रक्त.

आता ते रक्तातले द्रव्य म्हणजे काय ते पाहू. हिमोग्लोबिन हा शब्द आपल्या भागात शाळकरी पोरेही जाणतात, कारण सिकलसेलच्या तपासण्या गावोगाव झाल्या आहेत. हिमोग्लोबिनचा एक कण म्हणजे प्रथिनाच्या चार साखळ्यांचे गाठोडे. प्रत्येक साखळीच्या घडीत एक चपटी चकती बसवलेली असते, तिचे नाव हीम, आणि चकतीच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. रक्ताचा लाल रंग या चकत्यांचा. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात लोखंड असते तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याएवढे, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश या हिमोग्लोबिनमध्ये अडकलेले असते.

लोखंडावाचून बहुतेक जंतूंचे चालत नाही. शरीरही हे जाणते, आणि मोकळे लोखंड कोठे पडू देत नाही. लाळेत, अश्रूंत, रक्तात लोखंड पकडून ठेवणारी प्रथिने पहाऱ्यावर असतात. बरेचसे जंतू लोखंडाचा कण कसाबसा मिळवून हीमची चकती स्वतः घडवतात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, म्हणजे हिरडीतला मुख्य गुन्हेगार, याला ती कृती पुरती येत नाही. त्याला घडवलेली चकतीच हवी. चकती आहे हिमोग्लोबिनच्या घडीत, हिमोग्लोबिन आहे तांबड्या पेशीत आणि पेशी आहे रक्तवाहिनीत. इतक्या कुलपांतून माल काढावयाचा.

त्यासाठी या जंतूजवळ कात्र्या आहेत. त्यांना जिंजिपेन म्हणतात. ही प्रथिने कापणारी प्रथिनेच होत, आणि तो त्या अंगाच्या बाहेरच्या बाजूस लावून बसतो. एका प्रकारची कात्री साखळीत आर्जिनिन नावाचा दुवा आला की तेथेच कापते, दुसरी लायसिन आला की कापते. भगिनींनो, तेंदूचे पान कोरडे असता कात्री लावली तर ते फाटते, हे आपणांस सांगावयास नको. पान आधी भिजत घालावे लागते, फडक्यात गुंडाळून मऊ करावे लागते, मग फर्म्यावर ठेवून कापावयाचे. या जंतूचेही तसेच. पहिली कात्री हिमोग्लोबिनला अशा अवस्थेत आणते की त्यातल्या लोखंडाची स्थिती पालटते आणि चकतीची पकड सैल पडते. मग लायसिनवाली कात्री साखळ्यांचे तुकडे करते आणि चकती मोकळी होते. ती उचलून आत नेण्यासाठी हमाल म्हणून निराळे प्रथिन आहे.

थाळीवरचा काळा रंग म्हणजे या कारखान्याच्या अंगणात रचलेला माल. दोन-दोन चकत्या मधे ऑक्सिजनचा एक अणू धरून एकमेकींना चिकटतात, आणि अशा जोड्यांचा थर जंतूच्या बाह्य आवरणावर साठत जातो. लाल रक्ताचे तपकिरी आणि तपकिरीचे काळे होते ते असे. लिव्हरपूल येथील संशोधकांनी १९९८ साली या काळ्या द्रव्याची ही घडण निश्चित केली. थाळीसाठी रक्त आधी गोठवून, वितळवून, पेशी फोडून घातले तर रंग लवकर चढतो, कारण जंतूचे एक कुलूप आपणच उघडून दिलेले असते. रक्ताशिवायच्या थाळीवर मात्र काळा रंग चढत नाही.

आणखी मौजेची गोष्ट अशी. जपानी संशोधकांनी या जंतूची लायसिनवाली कात्री मुळातूनच काढून टाकली. जंतू जगला, पण रक्ताच्या थाळीवर त्याची वसाहत फिकटच राहिली. कात्री अंगात तयार होते पण बाहेर नेऊन बसवणारी यंत्रणा मोडलेली आहे, अशा जंतूंच्या वसाहतीही फिकट निघाल्या, आणि त्यावरून २०१० साली ती बाहेर नेणारी सबंध यंत्रणाच उजेडात आली. रंग पाहून कारखान्यातले कोणते खाते बंद आहे ते समजावे, असा हा हजेरीपट.

त्या मुलीने आम्हांला दुसरी एक थाळी दाखवली, प्रिव्होटेलाची, अजून काळी न झालेली. खोलीत अंधार करून तिने वरून जांभळ्यापलीकडच्या किरणांचा दिवा धरला. ठिपके विटकरी लाल चमकू लागले! आम्ही चकित झालो. ती म्हणाली, लोखंड नसलेली चकती या दिव्याखाली चमकते, लोखंड बसलेली चमकत नाही. म्हणून काळेपणा वाढला की चमक विझते. सबंध नागपूर प्रवासाचे भाडे तिथे फिटले.

पण इतका माल अंगावर रचून ठेवावयाचा कशाला? खाण्यापुरता आत न्यावा आणि थांबावे. येथे ती तलावाच्या चिखलातली दुसरी गोष्ट आठवा, हवेचे वावडे. दाताच्या आणि हिरडीच्या मधली फट निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल असते. तिच्या तळाशी हवा कमी, तरी थोडी पोचतेच. शिवाय शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करतात. अशा वेळी अंगावरचा काळा थर कामी येतो. मोकळ्या चकत्या जोड्या होताना आसपासचा ऑक्सिजन पकडून घेतात, आणि तयार झालेला थर पेरॉक्साइडचे विघटन करतो. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून जे काळे मँगनीज डायऑक्साइड निघते, जे विजेरीच्या सेलमध्ये जात आले, त्यावर पेरॉक्साइड टाकले तर फसफसून पाणी आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हा प्रयोग पुष्कळांनी शाळेत पाहिला असेल. हिरडीतल्या काळ्या थराचा गुण त्याच जातीचा. म्हणजे आपल्या रक्तातून काढलेल्या लोखंडाचे चिलखत करून हा जंतू आपल्याच शिपायांशी लढतो. आम्ही पुष्कळ मालक पाहिले, पण इतका काटकसरी पाहिला नाही.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, नाहीतर घरी गेल्यावर सगळे आरशासमोर उभे राहतील. हे जंतू तोंडात काळे दिसत नाहीत. काळी वसाहत थाळीवरची. दातांच्या मुळाशी काहींना बारीक काळी रेघ असते तिचे कारण वेगळे, आणि खर्रा-विडीने दात काळे होतात ते तर सरळ तंबाखूचे. आरशात पाहावयाचे ते हिरडीकडे. ती सुजली आहे का, दातापासून सुटली आहे का, आणि रक्त येते का.

रक्ताचाच मुद्दा महत्त्वाचा. दातांवर थर साचला, त्याचे कीटण झाले, की हिरडी सुजते. सूज आली की रक्तवाहिन्या फुगतात आणि जरा धक्का लागताच रक्त झिरपते. रक्त म्हणजे या जंतूचे ताट वाढलेले. तो वाढतो, त्याच्या कात्र्या हिरडीच्या ऊतींवर आणि शरीराच्या बचावप्रथिनांवरही चालतात, फट खोल होते, हवा आणखी कमी पोचते आणि रक्त आणखी येते. शेवटी दात धरणारे हाड झिजते. मावशींनी रक्त येते म्हणून घासणे सोडले. त्यांचा तर्क साधा आणि माणसाला शोभणारा होता, जिथे दुखते तिथे हात लावू नये. पण घासल्याने रक्त येत नव्हते, न घासल्याने येत होते. थर तसाच राहिला आणि ताट रोज वाढले गेले.

पुरुषांचे याहून वाईट. विडी-सिगारेट ओढणाराच्या हिरडीतून रक्त कमी येते, हे वैद्यक सांगते. हिरडीची सूजही झाकली जाते. म्हणून तो छाती पुढे काढून म्हणतो, आमच्या हिरडीला काही झाले नाही, आणि खाली हाड झिजत असते. पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून चोरी व्हावी तसे हे आहे. ज्यांनी आयुष्यभर विड्या वळून आम्हांला वाढवले त्यांच्यासमोर हे बोलणे आम्हांला सोपे जात नाही. विडीवर भंडारा-गोंदियाची हजारो घरे जगली. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधीचा कायदा झाला, त्यांसाठी आमच्या आधीच्या पिढीने लाठ्या खाल्ल्या. आज तो धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. तरी आम्ही विडीच्या मजुरीसाठी भांडतो आणि विडी ओढू नका म्हणून सांगतो, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने करतो. कोणी हसावयाचे असेल तर हसावे. गुडाखू आणि खर्रा यांचे तर नाव नको. ज्या ठिकाणी बार धरतात तिथली हिरडी खाली सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाविषयी या सभेत अनेकांनी आपापल्या घरात पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट आम्हां संघटनेच्या माणसांना विचारात पाडणारी आहे. हा काळा जंतू संख्येने फार थोडा असतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिसले की ज्या उंदरांच्या तोंडात मुळी एकही जंतू नाही, त्यांना एकटा पॉर्फिरोमोनास दिला तर हाड झिजत नाही. सामान्य उंदरात तोच मूठभर आला तरी तोंडातल्या इतर जंतूंची संख्या आणि मांडणी बदलते, नेहमीचे शांत रहिवासी दंगा करू लागतात आणि हाड झिजते. थोडेच असतात पण सभा फिरवतात. असे सभासद प्रत्येक संघटनेत असतात, आम्ही नावे घेत नाही.

अलीकडे या जंतूचा संबंध मेंदूच्या विस्मरणाच्या रोगाशी जोडला गेला. २०१९ साली रोग्यांच्या मेंदूत त्याच्या कात्र्या सापडल्याचे जाहीर झाले, आणि कात्र्या बोथट करणारे औषधही निघाले. २०२१ साली त्या औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला, तो निराशेचा होता. वाद चालू आहे. आम्ही त्यात पडत नाही. हिरडीचे दुखणे तेवढ्यापुरतेच पुरेसे मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे हिरडीचा तीव्र विकार जगात शंभर कोटींहून अधिक माणसांना आहे.

मावशींचे काय झाले, ते सांगून थांबतो. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की समोरचे दोन दात राहावयाचे नाहीत, बाकीचे राहतील. फटी खोलवर साफ कराव्या लागतील, त्यासाठी तीन खेपा, आणि घरी रोज दोनदा मऊ ब्रश, रक्त आले तरी. मावशी खेपांचे ऐकून उठूनच उभ्या राहिल्या. “तीन खेपा म्हंजे तीन दिवसाच्या विड्या गेल्या, भाऊ. सट्टेदार का म्हनंल?” मजुरी हजार विड्यांवर मिळते, दवाखान्याच्या बाकावर बसून हजार भरत नाही. हिरडीच्या रोगाचे हे कारण आम्हांला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही. वस्तीतल्या बायांनी मार्ग काढला. त्या तीन दिवशी मावशींचे पान-तंबाखू चौघींनी वाटून घेतले आणि त्यांचा हजार आपल्या हजारावर वळून दिला. रात्री कंदिलाएवढ्या दिव्यात बसून. सट्टेदाराने माल मोजला, छाट काढली नाही.

चार महिन्यांनी मावशी सभेला आल्या. पदर खांद्यावर होता, समोर दोन दातांची खिंड होती, आणि त्या खिंडीतून मोकळ्या बोलत होत्या. म्हणाल्या, “रगत थांबलं जी.” मग थोड्या वेळाने हळूच विचारले, “भाऊ, त्या पोरीनं माझ्या तोंडातले जंतू थाळीत वाढवले होते ना? त्याइचं का झालं?” आम्ही त्यांना सांगितले की काम संपल्यावर अशा थाळ्या दाबाच्या वाफेत, एकशे एकवीस अंश उष्णतेवर, पंधरा-वीस मिनिटे ठेवतात, एकही उरत नाही, आणि मग फेकून देतात. मावशींनी क्षणभर विचार केला.

“उकडून टाकले,” त्या म्हणाल्या. “बेस केलं.”